‘पुट अप विथ’ : अर्थ, उपयोजन आणि मराठी पर्याय

सॅम्युएल जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत क्रियापद आणि त्याला जोडून येणारे अव्यय यांच्या संयोगाचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. परभाषिकांना इंग्रजीत सर्वाधिक अडचण याच संयोगामुळे येते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्याला ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ मधील ग्रंथामुळे रूढ झाली. ‘पुट अप विथ’ हे या वर्गातील एक लक्षणीय उदाहरण होय.

‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर आणि ‘विथ’ म्हणजे सह. परंतु या तिन्ही अर्थांच्या बेरजेतून ‘नाइलाजाने सहन करणे’ हा अर्थ निष्पन्न होत नाही. रचनेच्या दृष्टीनेही हा संयोग अभंग आहे. ‘गिव्ह अप’मध्ये ‘गिव्ह इट अप’ अशी कर्माची मध्यस्थी चालते. ‘पुट अप विथ’मध्ये मात्र कर्म ‘विथ’नंतरच येते. नुसत्या ‘पुट अप’चे अर्थ (उभारणे, मुक्कामाची सोय करणे) तर पूर्णतः निराळे आहेत.

अर्थच्छटेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘एन्ड्युअर’ या क्रियापदात धैर्य आणि काहीसे गांभीर्य असते. ‘पुट अप विथ’मध्ये दैनंदिन कटकट, कुरबुर आणि मनातली नापसंती असते. शेजाऱ्यांचा गोंगाट किंवा वरिष्ठांचा विक्षिप्तपणा हा त्याचा स्वाभाविक विषय. म्हणून त्याचा सरसकट ‘सहन करणे’ असा अनुवाद केल्यास अर्थ पोहोचतो, पण सूर हरवतो.

मराठीत या सुराजवळ जाणारे पर्याय संयुक्त क्रियापदांत आढळतात. गैरसोय वा उणीव असेल तेथे ‘चालवून घेणे’ आणि दुसऱ्याचे वर्तन असेल तेथे ‘खपवून घेणे’. इंग्रजीत जे कार्य अव्यय करते, ते येथे ‘घेणे’ हे सहायक क्रियापद करते. ते क्रियेचा भार कर्त्याकडे वळवते. शिवाय ‘खपवून घेणे’ बहुधा नकारार्थी योजले जाते. ‘बेशिस्त खपवून घेतली जाणार नाही’ या इशाऱ्याशी ‘पुट अप विथ’चा नकारार्थी वापर सहज जुळतो. मात्र होकारार्थी वाक्यात ‘खपवून घेतो’ म्हणताच कर्त्यावर ढिलाईचा आरोप येतो. इंग्रजी प्रयोगात तो अपरिहार्य नसतो.

उलट दिशेने अनुवाद करताना धोका वाढतो. ‘सोसणे’ या मराठी क्रियापदामागे दुःखाची, विशेषतः स्त्रियांच्या मूक कष्टांची, दीर्घ परंपरा आहे. ‘सोशीक’ हे विशेषणही त्यातूनच आले. ‘तिने आयुष्यभर सोसले’ या वाक्यासाठी ‘पुट अप विथ’ योजल्यास आयुष्यभराचे दुःख निव्वळ त्रासाच्या पातळीवर उतरते. ‘एन्ड्युअर’ योजल्यास प्रतिष्ठा टिकते. परंतु घरगुती शब्दाला ग्रांथिक पोशाख चढतो. शिवाय मराठी वाक्यात ‘सोसले’ला कर्म नाही, आणि काय सोसले हे न सांगण्यातच त्याचे बळ आहे. ‘पुट अप विथ’ला मात्र कर्मावाचून गत्यंतर नाही. म्हणजे अनुवादकाला मूळ वाक्याने न उच्चारलेले काहीतरी उच्चारावे लागते.

द्विभाषिक कोश अशा वेळी समानार्थी शब्द पुरवतो. पात्राने परिस्थिती स्वीकारली आहे, की केवळ रेटून नेली आहे, हे मात्र संहितेच्या वाचनातूनच ठरवावे लागते. त्या निर्णयावर अनुवादातील पात्राची प्रतिमा अवलंबून असते.