देव न मानणाऱ्याने जाब कोणाला द्यायचा?

"देव मानत नाही म्हणता, मग चोरी का करीत नाही?" हा प्रश्न आम्हांला जितक्या वेळा विचारण्यात आला, तितक्या वेळा पगारवाढीचाही विचारण्यात आला नसेल. विचारणारे बहुधा साधे, कष्टकरी लोक असतात. सुशिक्षित मंडळी या प्रश्नाला हसतात. पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याला कोणीतरी पाहत आहे, कोणापुढे तरी हिशेब द्यावयाचा आहे, ही जाणीव माणसाला आवरते, हा त्यातील अनुभव खरा आहे. धर्माने त्या जागेवर देवाला बसविले. ज्याला ते पटत नाही त्याने ती जागा रिकामी ठेवून चालणार नाही. तेथे कोणाला बसवायचे, एवढाच आमचा विषय.

आमचे कोणाच्या देवाशी भांडण नाही. संघटनेच्या सभेला बुक्का लावलेले येतात, टोपी घातलेले येतात, निळी टोपी घातलेलेही येतात. चंदा सर्वांचा सारखाच. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने दिले आहे. ते मानणाऱ्याला आहे तसेच न मानणाऱ्यालाही आहे. इंग्लंडात जॉर्ज होलिओक या गृहस्थाने १८५१ साली ज्या विचाराला नाव दिले, त्याला मराठीत इहवाद म्हणतात. परलोक असो वा नसो, या लोकीचे वागणे या लोकीच्या कसोटीवर पारखावे, इतकाच त्याचा साधा अर्थ. आता ही कसोटी कोणती, ते पाहू.

आम्हांला ती एका मागणीपत्रात सापडली. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजारांवर कामगारांच्या वतीने एक अर्ज तयार झाला. त्यात मागितले काय? आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि काम करताना जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार. रविवारला हिंदू कामगार खंडोबाचा वार म्हणत आणि ख्रिस्ती साहेब त्या दिवशी चर्चला जाई, म्हणून त्या वारावर एकमत होणे सोपे गेले असेल. परंतु मागणीचा पाया खंडोबाही नव्हता आणि येशूही नव्हता. शरीर थकते, हा तिचा पाया होता. मुसलमान विणकराचे थकते, महार बदलीवाल्याचे थकते, कोकणातल्या मराठ्याचेही थकते. गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आणि १९५२ च्या खाण कायद्याने आठवड्याचा विसावा दिला, तेव्हाही कामगाराचा धर्म विचारला नाही. आमच्या शेजारी वणीच्या कोळसा खाणींत ज्यांनी तो विसावा घेतला, त्यांपैकी लोखंड्यांचे नाव किती जणांना ठाऊक असेल, हा भाग वेगळा.

लोखंडे नास्तिक होते असे मात्र कोणी समजू नये. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे, आणि जोतीराव निर्मिकाला मानीत. पण निर्मिक मानूनही मध्यस्थ मानावयाचा नाही असे ठरविल्यावर कोणतीही गोष्ट 'पोथीत आहे म्हणून' खरी ठरत नाही. तिचे कारण सांगावे लागते, आणि तेही ज्याला आपली पोथी मान्य नाही अशाला पटेल असे. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हा याच लोखंड्यांनी राणीच्या बागेत सलोख्यासाठी कामगारांची मोठी सभा भरविली. जे कारण दुसऱ्या देवाच्या माणसाला सांगता येत नाही, ते कारण सार्वजनिक नियमाला पुरत नाही, असे आम्ही यातून शिकलो.

पण सर्वांना पटणारा नियम अन्यायीही असू शकतो. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: या नियमाची किंमत कोण मोजतो? याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला मुंबईला जावयास नको. झरी-जामणी तालुक्यातील पोडांवरच्या 'कुमारी मातां'विषयी वर्तमानपत्रांतून अनेकदा छापून आले आहे. बाहेरून आलेल्या पुरुषाने गरीब कोलाम मुलीला लग्नाचे आमिष दाखवावे, काम संपले की निघून जावे, आणि मागे मूल राहावे, अशी ती हकिगत. या बाबतीत नीतीची भाषा सर्वांनी वापरली. देवाधर्माच्या माणसांनी वापरली, आणि जे स्वतःला पुढारलेले म्हणवितात त्यांनीही वापरली. त्या भाषेत नाव मात्र मुलीलाच पडले. 'कुमारी माता' हा शब्दच पहा. निघून गेलेल्या पुरुषासाठी आपल्या मराठीत असा शब्द अजून कोणी काढलेला नाही! एकाने वचन मोडले, दुसरीने विश्वास ठेवला, आणि समाजाने शिक्षा विश्वास ठेवणारीला दिली. किंमत कोण मोजतो हे विचारले की हा हिशेब चुकला आहे हे निरक्षर माणसालाही कळते. अविवाहित आईला मुलाच्या बापाचे नाव उघड न करता एकटीने पालक होता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. तो पोडापर्यंत पोचविण्याचे काम देवळाचे नाही, तसे देवळाविरुद्धही नाही. ते शेजाऱ्यांचे आहे.

आता त्या रिकाम्या जागेकडे वळू. संघटनेच्या कामात पैसा येतो; पाच-दहा रुपयांच्या पावत्यांनी येतो, पण येतो. खजिनदार देवभक्त आहे की नाही हे आम्ही कधी विचारले नाही. वही उघडी आहे की नाही हे विचारले. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने साध्या सभासदाला संघटनेच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क दिला होता, आणि आमच्या मते नीतिशास्त्रावरील पुष्कळ ग्रंथांपेक्षा ते एक कलम मोलाचे होते. देव सर्व पाहतो, असे म्हणणाऱ्या मंडळींच्या संस्थांतही अफरातफर होते, आणि न मानणाऱ्यांच्या संस्थांतही होते. उघड्या वहीपुढे ती दोन्हीकडे कमी होते. पाहणारा आकाशात असेल किंवा नसेल. शेजारच्या खाटेवरचा सोबती नक्की आहे.

यावर कोणी म्हणेल, हे सारे चारचौघांच्या धाकाचे झाले; एकांतात काय? येथे गोपाळ गणेश आगरकरांचे स्मरण होते. एम. ए. होऊनही मोठ्या पगाराच्या वाटेला न जाता त्यांनी शिक्षणाचे काम पत्करले, १८८८ साली 'सुधारक' काढले, आणि देवाविषयी आपल्याला ज्ञान नाही हे उघड सांगितले. पुण्यातील सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते वारले. आपल्या अंत्यविधीचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. स्वर्गाची आशा नसलेल्या माणसाने मरतानाही दुसऱ्याच्या खिशाची काळजी करावी, यात धाक कोणाचा? जिवंतपणी रोज ज्यांना जाब दिला, त्यांची सवय एकांतातही सुटत नाही, असेच म्हणावे लागते. र. धों. कर्व्यांनी नोकरी गमावली, खटले सोसले, तरी 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविले. तेही असेच निरीश्वर.

एका गोष्टीत धर्म आपल्यापुढे आहे हे कबूल केले पाहिजे. घरात मरण आले की धर्माजवळ तयार व्यवस्था असते. कोणी केव्हा यायचे, कोणी स्वयंपाक आणायचा, तेराव्या दिवसापर्यंत घर एकटे पडत नाही. निरीश्वर माणूस अशा वेळी युक्तिवाद घेऊन येतो, आणि त्याचा कोणाला उपयोग नसतो. लग्नाचा प्रश्न सुटला आहे. १८७३ च्या २५ डिसेंबरला पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह भटजीवाचून लागला, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणीची वाट मोकळी केली. मरणाचे मात्र अजून अपुरे आहे.

आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. कापूस बुडाला, कर्ज चढले, शेतकऱ्याने विष घेतले, अशा घरी आम्ही गेलेलो आहोत. तेरवीला गाव जेवते. चौदाव्या दिवशी त्या बाईजवळ कोणी नसते. तेथून पुढे तिला सातबाऱ्यावर वारसांची नोंद करून घ्यावयाची असते, बँकेत आणि सावकाराकडे नक्की देणे किती ते कागदावर मागावयाचे असते, मदतीचा अर्ज जिल्हा समितीने पात्र ठरविला की अपात्र हे पाहावयाचे असते, शिधापत्रिका तिच्या नावाची करावयाची असते. त्यासाठी झरीला तहसिलीत चार-पाच खेपा पडतात, आणि प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. तिच्याबरोबर वाचता येणारा एक माणूस लागतो. आमच्या मंडळींनी आता असे ठरविले आहे की चौदाव्या दिवशी दोघांनी जायचे, कागदांची पिशवी पाहायची, आणि पहिल्या खेपेची तारीख तेथेच ठरवायची.