तरंगत्या धावपट्टीचे विद्यार्थी (लेखांक ७) : हॉकच्या पोटाखालचा ब्रेक

जमिनीवरून उडणाऱ्या चांगल्या प्रशिक्षक विमानाला शेपटीखाली, डेकवरील तारेत अडकून विमान थांबवणारा आकडा बसवला आणि त्याची अंडरकॅरिज, म्हणजे चाकांसह खाली उतरणारा आधार, भक्कम केली की ते विमानवाहू नौकेवर उतरू लागेल, असा समज बराच रूढ आहे. आकडा आणि पोलादी तारा यांवरील मागील लेखांक वाचून एका वाचकाने नेमकी हीच शंका उपस्थित केली आहे. या आठवड्यात भारतीय नौदलाच्या प्रशिक्षणाचा विचार व्हायचा होता, परंतु या शंकेचे निरसन झाल्याखेरीज त्या विचाराला पाया मिळणार नाही, म्हणून तो पुढील लेखांकावर सोपवणे इष्ट ठरते. शंकेचे उत्तर ब्रिटिश हॉक विमानाच्या पोटाखालील एका झडपेत दडलेले आहे.

हॉकचे पहिले उड्डाण १९७४ मध्ये झाले आणि अमेरिकी नौदलाने १९८१ मध्ये आपल्या नव्या प्रशिक्षक विमानासाठी त्याचीच निवड केली. या विमानाचा एअरब्रेक, म्हणजे हवेत उघडून विरोध निर्माण करणारी आणि वेग रोखणारी झडप, मागच्या भागात पोटाखाली बसवलेला होता. चाके खाली असताना तो उघडा राहिला तर धावपट्टीला घासेल, म्हणून चाके उतरताच तो बंद राहावा अशी योजना होती. जमिनीवर उतरणाऱ्या वैमानिकाला याची अडचण वाटत नसे, कारण लांब धावपट्टीवर तो इंजिनाची शक्ती कमी करून, शेवटच्या क्षणी नाक किंचित उचलून अलगद टेकू शकतो. नौकेवर मात्र एअरब्रेकची गरज चाके उतरल्यानंतरच सर्वाधिक असते.

याचे कारण जेट इंजिनाच्या स्वभावात आहे. मंद गतीने फिरणाऱ्या जेट इंजिनाचा थ्रॉटल एकदम पुढे ढकलला तरी पूर्ण जोर मिळण्यास काही सेकंद लागतात, कारण जड चक्रांना गती घेण्यास वेळ हवा असतो आणि इंधन एकाएकी वाढवल्यास कॉम्प्रेसरमधील हवेचा प्रवाह विस्कटतो. आकडा एकाही तारेत अडकला नाही, म्हणजे ज्याला बोल्टर म्हणतात तो प्रसंग ओढवला, तर डेकचे टोक येण्यापूर्वी विमानाने पुन्हा उड्डाणाचा वेग गाठलेला असावा लागतो. तेथे ते काही सेकंद उपलब्ध नसतात. त्याशिवाय नौकेकडे मंद वेगाने येणाऱ्या विमानात नाकाचा कोन वेग ठरवतो आणि उंची थ्रॉटलने राखावी लागते, त्यामुळे इंजिनाने प्रत्येक लहान सूचनेला तत्काळ उत्तर देणे आवश्यक होते. एअरब्रेक उघडा ठेवला की तोच उतार आणि तोच वेग राखण्यासाठी इंजिन अधिक जोरात चालवावे लागते, आणि जोरात फिरणारे इंजिन सूचनेला लवकर प्रतिसाद देते. वेग रोखण्याचे हे साधन अशा रीतीने इंजिनाला तत्पर ठेवण्याचे साधन बनते.

म्हणून टी-४५ गॉसहॉक या नावाने घडलेल्या नौदलीय आवृत्तीत पोटाखालील एक ब्रेक जाऊन मागच्या भागाच्या दोन्ही बाजूंना दोन ब्रेक आले, आणि त्या एका बदलामागे अनेक बदलांची साखळी लागली. शेपटीच्या आडव्या पृष्ठभागांपुढे लहान पट्ट्या बसवून हवेचा प्रवाह सुधारावा लागला, पोटाखाली एक उभा पंख जोडावा लागला, आणि चाचण्यांत इंजिनाचा प्रतिसाद व मंद वेगातील वर्तन समाधानकारक न आढळल्याने अधिक शक्तीचे इंजिन आणि पंखांच्या पुढच्या कडेला स्लॅट, म्हणजे मंद वेगातही उचल टिकवणाऱ्या सरकत्या पट्ट्या, द्याव्या लागल्या. कॅटापुल्टचा, म्हणजे विमानाला डेकवरून वेगाने पुढे फेकणाऱ्या यंत्रणेचा, झटका सहन करण्यासाठी पुढे जोडचाक आले आणि साऱ्या सांगाड्याला बळकटी मिळाली. निवडीनंतर पहिले उड्डाण १९८८ मध्ये आणि विमानवाहू नौकेवरील पहिले अवतरण डिसेंबर १९९१ मध्ये झाले, म्हणजे तयार विमान हाती असूनही एक दशक खर्ची पडले. नौकायोग्य प्रशिक्षक विमानाचा मोठा दोष येथेच आहे : वाढलेले वजन, लागलेला काळ आणि झालेला खर्च यांचा बहुतांश भाग ज्या थोड्या अवतरणांसाठी वाहिला जातो, ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला मोजकीच येतात, आणि त्यांसाठी मौल्यवान नौकेचा डेकही राखून ठेवावा लागतो.

गुणांची बाजू तितकीच सबळ आहे. अमेरिकी पद्धतीत विद्यार्थी जमिनीवरील धावपट्टीवर, नौकेसारखे दिवे लावून, पुन्हा पुन्हा सराव करत असे, आणि नौकेवर प्रथम उतरताना तो एकटाच असे; दोन आसनांच्या विमानाचे मागचे आसन रिकामे ठेवले जाई व मार्गदर्शन डेकवर उभा असलेला अधिकारी रेडिओवरून करत असे. ज्याचा हात किंवा धीर या कसोटीस पुरत नसे, तो महागड्या लढाऊ विमानापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, स्वस्त आणि सौम्य विमानात ओळखला जाई.

गेल्या दशकात मात्र या कसोटीचा आधारच बदलला. एफ/ए-१८ सुपर हॉर्नेटमधील संगणकीय अवतरणपद्धतीत वैमानिक दांड्याने फक्त उताराचा मार्ग दुरुस्त करतो. फ्लॅप वर-खाली हलवून उचल क्षणात बदलण्याचे आणि थ्रॉटल सांभाळण्याचे काम संगणक करतो. हॉकच्या झडपेला बाजूला हलवून जे साधले, ते आता आज्ञावलीने साधले जाते. म्हणूनच अमेरिकी नौदलाने गॉसहॉकच्या वारसदाराकडून नौकेवर उतरण्याची अपेक्षा सोडून दिली. तंत्रापुरता हा निर्णय सुसंगत आहे. परंतु रिकाम्या आसनापुढे बसून समुद्रात हलणाऱ्या डेककडे पाहण्याचा पहिला क्षण संगणक टाळू शकत नाही, तो केवळ अधिक महागड्या विमानात नेऊन ठेवतो. तेथे आढळलेली उणीव नौदलाला कितीतरी महाग पडते, आणि विद्यार्थ्याला तर त्याहून अधिक.

भारताने हा प्रश्न वेगळ्या क्रमाने सोडवला. नौदलाने २०१० मध्ये १७ हॉक मागवले, पण ते आकडा नसलेले; आणि २०२५ मध्ये करार झालेल्या २६ राफेल विमानांपैकी दोन आसनांची चार विमाने नौकेवर उतरणारी नाहीत. मग भारतीय वैमानिक पहिली तार कोठे पकडतो, आणि गोव्यातील आयएनएस हंसा येथे जमिनीवर उभारलेला सरावाचा डेक त्यास किती साहाय्य करतो, याचा विचार पुढील लेखांकात होईल.