देशवार तक्त्यातील मिलिसेकंद

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता हाती येईपर्यंत जो काळ जातो त्या डीएनएस-विलंबाच्या, राइप ॲटलससारख्या जगभर विखुरलेल्या मापनयंत्रांनी टिपलेल्या नोंदी पायथॉनच्या दहा-वीस ओळींच्या स्क्रिप्टने देशवार लावल्या, की कोणता देश वेगवान व कोणता मंद याचा निवाडा आपोआप होतो, अशी समजूत रूढ आहे. स्क्रिप्ट हा आज्ञाधारक कारकून खरा. पण दप्तराची सत्यता तपासणे त्याच्या अखत्यारीत नाही.

सर्वांत चिवट गैरसमज अंतराविषयीचा. नावांचा शोध जिथून सुरू होतो ते रूट सर्व्हर तेरा, आणि तेही बहुतेक अमेरिकेत, म्हणून भारतातून विचारलेल्या प्रश्नाला समुद्र ओलांडणे प्राप्तच, असे सुशिक्षित माणसेही सांगतात. वस्तुतः तेरा आहेत ती नावे, व ती चालविणाऱ्या संस्था बारा. एकच पत्ता अनेक ठिकाणांहून जाहीर करण्याच्या एनीकास्ट पद्धतीमुळे त्यांची प्रत्यक्ष ठाणी हजाराहून अधिक असून काही मुंबईतही आहेत. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन दर 100 किलोमीटरमागे 1 मिलिसेकंद हा निसर्गाचाच कर. मुंबई-लंडन हे सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर असल्याने लंडनचे उत्तर 72 मिलिसेकंदांच्या आत येणे असंभव. तेव्हा मुंबईच्या नोंदीत 5 मिलिसेकंद आढळले, तर उत्तर देणारा लंडनमध्ये बसलेला नाही, एवढे निःसंशय. याउलट, जवळ ठाणे असूनही सेवादात्यांचे परस्परांत जोडकाम नसल्यामुळे प्रश्न परदेशी वळसा घालून येतो, असेही घडते. तो दोष भूगोलाचा नव्हे, व्यवहाराचा.

सरासरीवरची श्रद्धाही अशीच अनाठायी. लिनक्समध्ये उत्तर न मिळाल्यास पुन्हा विचारण्यापूर्वी सामान्यतः 5 सेकंद वाट पाहिली जाते. 99 प्रश्नांना 20 मिलिसेकंद लागले आणि शंभरावा एकदा हरवून 5,020 मिलिसेकंदांनी सुटला, तर सरासरी 70 भरते, जी शंभरांपैकी एकाही प्रश्नाच्या वाट्याला आलेली नाही. मध्यक मात्र 20 च राहतो. पण जे प्रश्न कायमचेच निरुत्तर राहिले त्यांच्यापुढे आकडाच नसल्याने ते हिशेबातून गळतात, आणि ज्याचे जाळे सर्वांत मोडके तोच देश तक्त्यात उजळ माथ्याने मिरवतो!

आता देशाचा रकाना. आयपी पत्त्याची नोंदणी एका देशात आणि वापर दुसऱ्यात, हा प्रकार सर्रास चालतो. शिवाय युरोपात मापनयंत्रांची गर्दी, तर कित्येक लहान देशांत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तरीही दोघांना तक्त्यात एकेकच ओळ. नामिबियाला तर तीही मिळत नाही. त्याची द्व्यक्षरी संज्ञा ‘एनए’. आणि पायथॉनमधील पांडाज हे साधन, वेगळी आज्ञा नसल्यास, ती अक्षरे ‘माहिती उपलब्ध नाही’ अशीच वाचते व गट पाडताना रिक्त नावाच्या ओळी निमूटपणे वगळते. म्हणून देशवार तक्ता हाती आला, की प्रथम नामिबिया शोधावा, आणि प्रत्येक देशापुढे यंत्रांची संख्या व निरुत्तर प्रश्नांचे प्रमाण मांडलेले नसेल, तर तो तक्ता बिनदिक्कत परत पाठवावा.