एकच ट्रॅक्टर, कामं अनेक: स्टिअरिंग कामाप्रमाणे कसं जुळवावं

कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांत, एकाच ट्रॅक्टरला नाना कामं करावी लागतात. गिरणाकाठच्या काळ्या रानात रोटाव्हेटर, माळावरच्या मुरमाड जमिनीत डाळिंबाची फवारणी, आणि कांदा निघाला की ट्रॉली जोडून मुंगशाचा किंवा उमराण्याचा बाजार. पण बहुतेकांचा ट्रॅक्टर शोरूममधून जसा आला तसाच सगळीकडे फिरतो. मग तक्रारी सुरू होतात: स्टिअरिंग जड झालंय, एका अंगाला ओढतंय, पुढून हलकं लागतंय.

स्टिअरिंग आपल्या हातात असतं, पण ट्रॅक्टर वळतो तो पुढच्या टायरने जमीन धरली तरच. ही पकड चार गोष्टींवर ठरते: टायरमधली हवा, पुढच्या चाकांवरचं वजन, दोन चाकांतलं अंतर आणि चाकांची दिशा. या चारही गोष्टी कामाप्रमाणे बदलता येतात. खाली दिलेला क्रम मात्र मोडू नका, कारण आधीची पायरी चुकली तर पुढची कितीही नीट केली तरी फळ मिळत नाही.

पायरी १: आधी ढिलेपणा काढा

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, पुढची चाकं सरळ ठेवा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. आता स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. पुढचं चाक हलायला लागेपर्यंत स्टिअरिंग जितकं मोकळं फिरतं, त्याला ‘प्ले’ म्हणतात. थोडा प्ले हवाच. त्याची मर्यादा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेली असते.

प्ले जास्त असेल तर दोष कुठे आहे ते शोधा. इंजिन बंद करा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा एक्सल जॅकवर उचला आणि खाली भक्कम लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कधीच खाली वाकू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर बेअरिंग किंवा किंग पिन, म्हणजे ज्या उभ्या खुंट्याभोवती चाक वळतं तो, झिजलेला असतो. डावी-उजवीकडे हलवल्यावर खडखड आली तर टाय रॉडचे सांधे पाहा. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी दांडी.

पुष्कळदा दोष निव्वळ ग्रीस न भरल्याचा असतो. काळ्या मातीचा चिखल सांध्यांवर वाळून बसतो आणि ग्रीसचं तोंड दिसेनासं होतं. आधी तोंड पुसा, मग जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. न पुसता भरलं तर ग्रीसबरोबर मातीही आत जाते आणि सांधा लवकर झिजतो.

पायरी २: हवा

हवा टायर थंड असताना मोजा. पुढे ६.००-१६ आणि मागे १३.६-२८ मापाचे टायर असतील, तर शेतकामासाठी साधारण पुढे २६ ते ३० पौंड आणि मागे १२ ते १४ पौंड हवा ठेवतात. भरलेली ट्रॉली रस्त्यावर ओढायची असेल तर मागची हवा वाढवावी लागते. नेमका आकडा मात्र आपल्या पुस्तिकेतलाच धरा, कारण टायरचा थर आणि वजन यांप्रमाणे तो बदलतो.

पुढे हवा कमी असेल तर स्टिअरिंग जड होतं आणि टायरच्या दोन्ही कडा झिजतात. जास्त असेल तर मऊ रानात टायर पसरत नाही, रुततो. डाव्या-उजव्या टायरमध्ये फरक असेल तर ट्रॅक्टर कमी हवेच्या बाजूला ओढतो. ‘एका अंगाला ओढतंय’ ही तक्रार आली की दुसरं काहीही उघडण्याआधी हवा तपासा.

टायरवरच्या शिराही पाहा. पुढच्या टायरवर गोल फिरणाऱ्या उभ्या शिरा असतात, बहुधा तीन. त्या मातीत रुततात म्हणून टायर आडवा घसरत नाही. शिरा गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या रानात आपण चाक पूर्ण वळवतो आणि ट्रॅक्टर मात्र सरळच जातो. हा दोष स्टिअरिंगचा नसतो.

पायरी ३: पुढचं वजन

ट्रॅक्टरच्या एकूण वजनापैकी निदान २० टक्के वजन पुढच्या चाकांवर राहिलं पाहिजे, हा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे २,००० किलोचा ट्रॅक्टर असेल तर मागे अवजार उचललेलं असतानाही पुढे ४०० किलो भार हवा.

हे मोजणं सोपं आहे. बाजार समितीजवळच्या वजनकाट्यावर अवजार उचललेल्या स्थितीत फक्त पुढची चाकं चढवा आणि आकडा वाचा. कमी भरला तर पुढच्या बंपरवर लोखंडी वजनं लावा. हलकं अवजार असताना ती काढून ठेवा, नाहीतर मऊ जमिनीत पुढची चाकं विनाकारण रुततात आणि स्टिअरिंग जड होतं.

इथे एक चूक हमखास होते. चाकं जागच्या जागी फिरतात म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. त्याने मागची पकड वाढते, पण पुढच्या चाकांवर काडीचंही वजन वाढत नाही. वळण्याची अडचण असेल तर वजन पुढेच लावावं लागतं.

ट्रॉली जोडताना खालच्या हूकलाच जोडा. जोड जितका उंच तितका ट्रॅक्टर चढावर पुढून उचलतो. दोनचाकी ट्रॉलीत कांदा भरताना मागच्या टोकाला ढीग करू नका, आणि सगळं वजन ट्रॅक्टरकडेही ढकलू नका. ते हूकवर दाबतं आणि पुढची चाकं हलकी होतात.

पायरी ४: दोन चाकांतलं अंतर

कांद्याचं उदाहरण घेऊ. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने सुचवलेल्या रुंद गादीवाफ्याचा माथा १२० सें.मी. आणि मधली सरी ४५ सें.मी. असते. एका सरीच्या मध्यापासून दुसऱ्या सरीच्या मध्यापर्यंत अंतर होतं १६५ सें.मी. ट्रॅक्टर वाफ्यावरून न्यायचा असेल तर टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतरही १६५ सें.मी.च हवं. १३.६ इंची टायर सुमारे ३५ सें.मी. रुंद असतो, म्हणजे सरीत दोन्ही बाजूंना जेमतेम ५ सें.मी. जागा उरते. अंतर चुकलं तर आपण कितीही जपून चालवलं तरी वाफ्याची कड ढासळणारच.

डाळिंबात गोष्ट उलटी. तिथे ओळींत साधारण साडेचार मीटर अंतर असलं तरी फांद्या मध्ये येतात, म्हणून चाकं जवळ घ्यावीशी वाटतात. हरकत नाही, पण अरुंद ट्रॅक्टर उतारावर लवकर कलतो. माळावरच्या बागेत आडव्या उतारावर वळताना वेग अगदी कमी ठेवा.

पुढचं अंतर बदलण्यासाठी एक्सल एकात एक सरकणारा असतो आणि त्याला ओळीने भोकं असतात. एक्सल उचलून ठोकळ्यावर टेकवा, बोल्ट काढा, दोन्ही बाजू सारख्याच भोकांवर सरकवा आणि दोन्ही टाय रॉडही तेवढेच लांब किंवा आखूड करा. एका बाजूला दोन भोकं आणि दुसरीकडे एक, असं झालं तर ट्रॅक्टर एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त वळतो.

मागचं अंतर चाकाची रिम आणि तबकडी यांची मांडणी उलटसुलट करून बदलतात. हे काम वर्कशॉपमध्येच करून घ्या. पाणी भरलेलं चाक एकट्या-दुकट्याला आवरत नाही. चाकं परत बसवल्यावर टायरच्या बाजूवरचा बाण पुढे फिरण्याच्या दिशेला आहे ना, हे स्वतः पाहा. पहिल्या दिवसाच्या कामानंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा.

फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरात पुढच्या एक्सलला अशी भोकं नसतात. तिथे पुढचं अंतरही रिम बदलूनच मिळतं.

पायरी ५: चाकांची दिशा

अंतर बदललं की ही पायरी टाळता येत नाही. पुढच्या चाकांची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा काही मिलिमीटर जवळ असावी लागते. त्याला ‘टो-इन’ म्हणतात.

मोजायला खडू आणि टेप पुरे. दोन्ही टायरच्या पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, बरोबर मधोमध खडूची खूण करा आणि दोन खुणांतलं अंतर मोजा. ट्रॅक्टर हळूच पुढे सरकवा, म्हणजे चाक अर्धं फिरून त्याच खुणा मागे येतील. पुन्हा मोजा. पुढचं माप मागच्यापेक्षा पुस्तिकेत दिलं असेल तितकंच कमी भरायला हवं. फरक असेल तर टाय रॉडचा नट सैल करून दांडी थोडी फिरवा, पुन्हा मोजा, मग नट घट्ट करा.

दिशा चुकल्याचं टायर स्वतःच सांगतो. बाहेरच्या कडा झिजत असतील तर चाकं जास्त आत वळलेली आहेत. आतल्या कडा झिजत असतील तर ती बाहेर उघडलेली आहेत.

पायरी ६: ब्रेक, लॉक आणि रस्ता

ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेताच्या टोकाला, बांधाजवळ, आतल्या बाजूचा ब्रेक हलका दाबला की ट्रॅक्टर कमी जागेत वळतो. हे फक्त कमी वेगात आणि फक्त शेतात.

डिफरन्शियल लॉक म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी कळ. एक चाक चिखलात फिरू लागलं तर ती कामाची आहे. पण लॉक लागलेलं असताना ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून बाहेर निघताच ते सोडा.

शेतातून डांबरी रस्त्यावर येताना, विशेषतः मुंबई-आग्रा महामार्ग गाठायचा असेल तेव्हा, गेटपाशी थांबून चार गोष्टी करा. दोन्ही ब्रेक पेडल खिट्टीने जोडा. लॉक सुटल्याची खात्री करा. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर ती काढा, कारण कोरड्या डांबरावर तिने पुढचे टायर झिजतात. मागची हवा ट्रॉलीच्या वजनाप्रमाणे करा.

यातली पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पेडल जोडायची राहिली आणि वेगात एकाच ब्रेकवर पाय पडला, तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो आणि मागची भरलेली ट्रॉली त्याला ढकलते. मग स्टिअरिंग धरून काही उपयोग होत नाही.

नोंद ठेवा

प्रत्येक कामाचं भोक, हवा आणि पुढची वजनं एकदा ठरली की ती पेंटने मडगार्डच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा: कांदा, बाग, रस्ता. घरात ट्रॅक्टर चालवणारे दोघं-तिघं असतील तर हे जास्तच गरजेचं.

एक गोष्ट मात्र घरी किंवा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात करू नका. टाय रॉड वाकला, सांधा तडकला किंवा एक्सलला चीर दिसली, तर तो भाग बदला. जोड मारलेला नांगर तुटला तर दिवस वाया जातो; जोड मारलेला टाय रॉड भरल्या ट्रॉलीनिशी रस्त्यावर तुटला तर ट्रॅक्टर कुठे जाईल, हे आपल्या हातात राहत नाही.