एपिपोजियम
(कुल – ऑर्किडेसी, आमर कुल). पर्णहीन व हरितद्रव्यरहित ऑर्किडांची एक लहान प्रजाती. हिच्यात तीन-चार जातींचा समावेश होतो. ‘एपि’ (वर) व ‘पोगॉन’ (दाढी) या ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले असून ते फुलात वरच्या बाजूस असलेल्या ओष्ठाला उद्देशून आहे. ए. अफायलम ही जाती यूरोप ते जपान या समशीतोष्ण पट्ट्यात व हिमालयात आढळते. ए. रोझियम ही उष्णकटिबंधीय जाती आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली असून भारतात ती हिमालयाप्रमाणेच पश्चिम घाटातील दाट, ओलसर वनांतही उगवते. डेव्हिड डॉन यांनी १८२५ मध्ये नेपाळातील वनस्पतींच्या ग्रंथात तिचे प्रथम वर्णन केले. जॉन लिंडली यांनी १८५७ मध्ये तिला या प्रजातीत घातले.

ए. रोझियम जातीचा लंबगोल कंद जमिनीत दडलेला असतो. खरी मुळे नसतात. त्यापासून पोकळ, मांसल व फिकट पिवळसर दांडा वर येतो; त्यावर पानांऐवजी पातळ खवले असतात. फुले लोंबती, पांढरट व किंचित गुलाबी असून पूर्ण उमलत नाहीत. त्यांत स्वपरागण होते व बोंडे थोड्याच दिवसांत पिकतात. बिया धुळीसारख्या सूक्ष्म असतात.

जुन्या ग्रंथांत हिला शवोपजीवी म्हटले आहे. परंतु ती स्वतः पालापाचोळा कुजवू शकत नाही. ते काम मातीतील कवके करतात. त्यांचे तंतू वनस्पतीच्या कोशिकांत शिरून वेटोळी करतात व ती पचवून वनस्पती आपले अन्न मिळविते. म्हणून तिला कवकोपजीवी म्हणणे योग्य. जपानमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत योग्य कवकाच्या सान्निध्यात ए. रोझियमच्या बिया रुजवून रोपे फुलांपर्यंत वाढविता आली. या परावलंबनाची खूण आनुवंशिक द्रव्यातही दिसते : हरित वनस्पतींच्या हरितकणूंतील डीएनए रेणूत सामान्यतः सु. दीड लाख क्षारक-जोड्या असतात, ए. रोझियमच्या तत्सम रेणूत सु. १९ हजारच उरल्या असून प्रकाशसंश्लेषणाची जनुके लुप्त झाली आहेत (२०१५).

यामुळे कंद उपटून बागेत लावल्यास ही वनस्पती सहसा जगत नाही. वणवा, पाचोळा गोळा करणे किंवा वृक्षतोड यांनी कवकांचा आधार गेला, की तीही नाहीशी होते. तिचे रक्षण म्हणजे वनभूमीवरील त्या ओल्या थराचेच रक्षण होय.