गवत कापण्याची तारीख

एप्रिलच्या मध्यात इंग्लंडमधल्या स्विंडनहून क्रिकलेडकडे निघालं की दोन्ही अंगांना फुलंच फुलं दिसतात. शेतांच्या कुंपणातला ब्लॅकथॉर्नचा पांढरा बहर ओसरत आलेला असतो. हे झुडूप आधी फुलतं, त्याची पानं मागाहून येतात. हॉथॉर्नचं उलट: पालवी आधी आणि फूल मे महिन्यात. एवढी खूण ठाऊक असली की लांबूनही दोन्ही ओळखू येतात. कुंपणापलीकडे रेपसीडची शेतं पिवळी होऊ लागलेली असतात. हे तेलबियांचं पीक मोहरीच्याच कुळातलं. उन्हाळा सरता सरता पेरलेलं, अख्खा हिवाळा जमिनीलगत बसून काढलेलं. वारा आपल्याकडे असला तर त्याचा गोडसर, जड वास रस्त्यापर्यंत येतो.

पण माझी ओढ असते ती नॉर्थ मेडोकडे. विल्टशरमधल्या क्रिकलेड गावाला लागून, थेम्स आणि चर्न या नद्यांच्या मधे हे सपाट कुरण पसरलं आहे. थेम्स इथे अगदी लहान आहे. लंडनची नदी ती हीच, यावर विश्वास बसू नये इतकी. हिवाळ्यात दोन्ही नद्यांचं पाणी कुरणात शिरतं, गाळ टाकून ओसरतं आणि त्या ओल्या जमिनीतून फ्रिटिलरी वर येते. ब्रिटनमधल्या रानटी फ्रिटिलरींपैकी सुमारे ८० टक्के या एकाच कुरणात आहेत, असं मानलं जातं.

उभ्याने पाहून या फुलाचा पत्ता लागत नाही. गवतावर जांभळट झाक तेवढी दिसते. पायवाट न सोडता कडेला गुडघे टेकायचे. मग पातळ, वाकलेला देठ दिसतो आणि त्याला लटकलेली घंटा. पाकळ्यांवर गडद-फिक्या जांभळ्या चौकोनांची इतकी रेखीव नक्षी की चौकडीचं कापड आठवावं. अधूनमधून एखादं पांढरंशुभ्र फूल, त्यावरही निरखून पाहिल्यास चौकटींच्या हिरवट रेषा. मोठ्या केसाळ बंबलबी खालून घंटेत शिरतात, तेव्हा सगळा देठ हलतो.

हे कुरण राखीव आहे, पण कुलूप लावून टिकवलेलं नाही. ते टिकलं आहे कापणीमुळे. फेब्रुवारीच्या मध्यापासून इथे एकही जनावर सोडत नाहीत. फ्रिटिलरी फुलते, तिचं बी पिकून गळतं, पाठोपाठ उन्हाळी फुलांचंही बी धरतं. मगच जुलैत गवत कापून वाळवतात आणि उचलून नेतात. हे उचलून नेणं महत्त्वाचं. पुराच्या गाळाबरोबर येणारं खत गवताच्या रूपाने बाहेर जातं आणि जमीन फार कसदार होत नाही. ती कसदार झाली, तर दांडगं गवत नाजूक फुलांना झाकून टाकतं. एखाद्या ओल्या उन्हाळ्यात यंत्र आत नेता आलं नाही आणि गवत जागीच कुजलं, की हाच धोका उभा राहतो.

कापणीनंतर, १२ ऑगस्टपासून, कुरण गावाचं गायरान होतं. तारीख १२च का? जुन्या पंचांगात हा लॅमस या सुगीच्या सणाचा, म्हणजे १ ऑगस्टचा दिवस होता. १७५२ मध्ये ब्रिटनने कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले. गुरांची तारीख मात्र जुन्या हिशेबानेच चालू राहिली. गावाची जुनी सभा, कोर्ट लीट, चराईवर देखरेख ठेवते. कोणाच्या वाट्याचं गवत कुठून कुठपर्यंत हे दाखवणारे दगड अजून कुरणात उभे आहेत. मला हे दगड फुलांइतकेच पाहण्यासारखे वाटतात.

१९३०च्या दशकापासून पुढच्या अर्धशतकात इंग्लंड आणि वेल्समधली अशी ९७ टक्के कुरणं गेली: काही नांगरली, काहींना रासायनिक खत दिलं. मूठभर खताने गवत दुप्पट येतं आणि फुलं जातात, हा सौदा त्या काळच्या शेतकऱ्याला परवडणारा होता, हे मी समजू शकतो. क्रिकलेडकरांनी मात्र आपला वहिवाटीचा हक्क सोडला नाही, म्हणून हे कुरण नांगराखाली गेलं नाही.

एप्रिलमध्ये इथे गर्दी होते. मी ओळखीच्यांना जुलैतही यायला सांगतो. फुलं नसतात, पण ट्रॅक्टर फिरत असतो, कापलेलं गवत उन्हात पसरलेलं असतं आणि पुढच्या एप्रिलची फुलं त्याच दिवशी ठरत असतात.