तीन यायला हवी होती, बारा आली

सप्टेंबर महिन्याशी काहीही देणंघेणं नसलेल्या एका जनुकाचं नाव 'सेप्ट 2' होतं. एक्सेलमध्ये ते टाकलं की तिथे 2 सप्टेंबर उमटायचं. अशा चुका छापील शोधनिबंधांपर्यंत पोचल्या आणि शेवटी 2020 साली या जनुकांची नावंच अधिकृतपणे बदलली गेली. 'सेप्ट'चं 'सेप्टिन' झालं. भाचीनं हे सांगितलं तेव्हाच ठरवलं, हिच्या शेजारी बसून एकदा हे काम बघायचं.

पुण्यातल्या तिच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी स्नायूंच्या नमुन्यांतून निघालेली यादी होती. आजारात ज्यांची पातळी बदलली, अशी 300 जनुकं. नुसती वाचून त्यातून काहीच हाती लागत नाही. ती 'डेव्हिड'सारख्या साधनात चिकटवायची, बटण दाबायचं, की कामानुसार गट पडून समोर येतात.

"एका गटात 200 जनुकं आहेत असं धर, मावशी. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण 20 हजार. म्हणजे शंभरात एक. मग माझ्या 300 मध्ये योगायोगानं किती यावीत?"

"तीन."

"तीन यायला हवी होती, बारा आली. चौपट!"

तिचा चेहरा उजळला होता. का, तेही कळत होतं. 2003 साली वम्सी मूथा आणि सहकाऱ्यांनी मधुमेहींच्या स्नायूंत हेच बघितलं होतं: ऊर्जा तयार करणाऱ्या गटातलं एकेक जनुक सुमारे 20 टक्क्यांनीच उतरलेलं, एकट्यानं कुणाचं लक्ष जाऊ नये इतकं, पण सगळी मिळून एकाच दिशेनं.

हे गट आले कुठून? 1998 मध्ये माशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या जनुकांच्या नोंदी ठेवणारे एकत्र आले आणि त्यांनी सामाईक शब्दसंग्रह बांधायला घेतला, तो 'जीन ऑन्टॉलॉजी'. माणसं निबंध वाचतात, कोणतं जनुक काय करतं ते ठरवतात आणि कशाच्या आधारावर ठरवलं तेही लिहितात. यंत्रानं परस्पर लावलेल्या नोंदींवर वेगळी खूण असते. भाचीनं बारापैकी प्रत्येक जनुकाची खूण उघडून पाहिली. बटण दाबायला जेमतेम एक मिनिट लागलं होतं. हे तपासण्यात दुपार गेली. मला या कामातली खरी विद्या इथेच दिसली.

चहाच्या वेळी ती गप्प होती. मग म्हणाली, "पण स्नायूत 20 हजार चालू कुठे असतात?"

परत जाऊन तिनं तिच्या नमुन्यांत प्रत्यक्ष सापडलेली जनुकं मोजली. साधारण 10 हजार. त्या गटातली 200 मात्र जवळजवळ सगळी त्यांत होती. स्नायूचंच काम करणारा गट, तो स्नायूत असणारच. शंभरात एकाचे शंभरात दोन झाले.

"म्हणजे तीन नाही, सहा यायला हवी होती," मी म्हटलं.

"हो. चौपट नाही, दुप्पट." आणि एकाच वेळी हजारो गट तपासले जातात, तेव्हा काही गट योगायोगानंही वर येतात, त्याची दुरुस्ती लावल्यावर हा गट लक्षणीय उरलाच नाही.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग वहीत सकाळच्या 'तीन'वर रेघ मारून तिनं शेजारी 'सहा' लिहिलं, खाली 'पार्श्वभूमी: 10 हजार' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं, आणि पुढचा गट उघडला.